ई-निवासित्व, एस्टोनियातील

परदेशस्थ व्यक्तीस स्वदेशी राहूनच एस्टोनियात कंपनी स्थापन करता यावी, यासाठी त्या देशाचे शासन देत असलेली इलेक्ट्रॉनिक ओळख. ही योजना १ डिसेंबर २०१४ रोजी सुरू झाली. अर्जदाराची चौकशी होऊन त्यास ओळखपत्र मिळते. त्याद्वारे केलेली स्वाक्षरी हस्ताक्षराइतकीच विधिग्राह्य असते. यामुळे नागरिकत्व, प्रवेशपरवाना वा वास्तव्याचा हक्क मात्र मिळत नाही.

खाजगी मर्यादित कंपनीस पूर्वी किमान २,५०० यूरो भागभांडवल लागे. फेब्रुवारी २०२३ पासून ही अट नाममात्र उरली आहे. व्यवस्थापन परदेशातून चालत असल्यास एस्टोनियातील पत्ता व संपर्कव्यक्ती आवश्यक असते.

तेथे २००० सालापासून कंपनीचा नफा वाटला जाईपर्यंत त्यावर कर नाही. यावरून करमुक्तीचा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. निर्णय जेथून घेतले जातात, तो देश कंपनीस आपली करदाती ठरवू शकतो. भारतात हा निकष २०१७-१८ या आकारणी वर्षापासून लागू झाला. ५० कोटी रुपये वा त्याहून कमी वार्षिक उलाढालीच्या कंपन्या त्यातून वगळल्या असल्या, तरी येथील निवासी भागधारकाचा लाभांश करपात्र असतोच.

खरी अडचण बँकेत येते. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून २००७–१५ या काळात अनिवासी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज यूरो फिरले व त्यांतील मोठा भाग संशयास्पद होता, असे २०१८ मध्ये उघड झाले. ओळखपत्रामुळे खाते मिळण्याचा हक्क प्राप्त होत नाही. म्हणून पुष्कळ कंपन्या यूरोपीय संघातील अन्य देशांत नोंदलेल्या, बँक नसलेल्या वित्तसंस्थांमार्फत व्यवहार करतात.