नवे इंजिन हळूहळू का चालवतात?



नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपत नाहीत. थोडा चालवायचा, सोडायचा, परत जुंपायचा. छोट्या विमानाच्या नव्या इंजिनाचेही तसेच असते. माझा मामा कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई विभागात होता. तिथे छोटी विमाने करायला शिकवतात. आता त्याने पैसे साठवून स्वतःचे इंजिन घेतले. त्याच्याकडून कळलेली माहिती देत आहे.

हे इंजिन मुठीत मावते. ते साडेसहा सीसीचे आहे. पण पंखा मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो! यात पेट्रोल घालत नाहीत. मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि तेल असे मिश्रण असते. नव्या इंजिनासाठी शंभर भागांत साधारण वीस भाग तेल घेतात. त्यात एरंडेल असते. हो, आजी पोट साफ व्हायला देते तेच! एरंडेल खूप तापले तरी वंगणाचे काम सोडत नाही.

नवा सिलिंडर व पिस्टनची रिंग हाताला गुळगुळीत लागतात. पण त्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. ते एकमेकांवर घासून बसावे लागतात. पहिल्याच दिवशी जोरात पळवले तर इंजिन फार तापते, पिस्टन फुगतो आणि जाम होतो. मग सगळे पैसे पाण्यात.

म्हणून असे करतात :

१. इंजिन लाकडी फळीवर स्क्रूने घट्ट बसवतात.

२. सुई जास्त उघडी ठेवतात. म्हणजे इंधन जास्त जाते, त्याबरोबर तेलही जास्त जाते. धूर येतो, पण इंजिन थंड राहते.

३. दोन-तीन मिनिटे चालवून बंद करतात. पूर्ण गार झाल्यावरच परत चालू करतात.

४. असे बऱ्याच वेळा झाले, की सुई जराशी बंद करून काही सेकंदच जोरात पळवतात. मग परत सुई उघडतात.

काही इंजिनांना रिंग नसते. त्यांचा सिलिंडर वर किंचित अरुंद असतो. ती फार थंड चालवली तरी झिजतात. म्हणून सोबतचे माहितीपत्रक आधी वाचावे.

आता महत्त्वाचे. फिरणारा पंखा दिसत नाही, पण बोट तोडतो. त्याच्या पुढे किंवा बाजूला उभे राहू नये, मागे राहावे. डोळ्यांना चष्मा हवा. मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. म्हणून ते पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नये. पालकांनी ते कुलपात ठेवावे. मोठे माणूस नसेल तर आपण हात लावायचा नाही.

घाई केली नाही तर इंजिन पुष्कळ वर्षे टिकते, असं मामा म्हणतो.

– इयत्ता चौथी