लोंबत्या कुंडीतील टोमॅटो: रुचीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या टोमॅटोचे फळ लहान त्याचे झाडही लहानच असणार, आणि म्हणून कोणतीही चेरी जात लोंबत्या कुंडीत सुखाने नांदेल, अशी जी समजूत शहरातील सज्जांत बाग फुलवू पाहणाऱ्या मंडळींत रूढ आहे, तिच्यापायी पुष्कळ उत्तम बियाणे वाया जाते. फळाचा आकार आणि झाडाचा विस्तार यांचा परस्परांशी संबंध नाही. जपानच्या तोकिता कंपनीची 'सनगोल्ड' ही नारिंगी जात माधुर्यासाठी विख्यात आहे. पण तिचा शेंडा अखंड वाढत सहा फुटांपलीकडे जातो, आणि तिला भुईवरची मोठी कुंडी व भक्कम काठीच लागते. लोंबत्या कुंडीसाठी 'टम्बलर', 'टम्बलिंग टॉम', 'लोसेटो', 'गार्टनपर्ल' अशा मुळातच ठेंगण्या, काठावरून खाली झुकणाऱ्या जातींची तजवीज करावी.

या जाती केवळ शोभेच्या, त्यांना चव कसली, हा आक्षेप मात्र सर्वस्वी निराधार नाही. टोमॅटोची रुची शर्करा, आम्ले आणि अनेक सुगंधी द्रव्ये यांच्या मेळातून सिद्ध होते, आणि शर्करा तयार होते ती पानांत. 1914 साली अमेरिकेतील फ्लोरिडात आपोआप आढळलेल्या एका जनुकीय बदलामुळे शेंड्याची वाढ मर्यादेवर थांबणारी झाडे उपलब्ध झाली. अशा झाडांत घोसांच्या मानाने पाने थोडी, आणि फळे बहुधा एकदम पिकणारी, त्यामुळे प्रत्येक फळाच्या वाट्याला येणारी साखर तुलनेने कमी. तथापि फळ लहान असले म्हणजे तीच साखर त्यात अधिक दाट राहते, आणि म्हणूनच ठेंगण्या झाडाची चेरी फळे रुचकर लागू शकतात. आंबटगोड रुची प्रिय असलेल्यांनी तांबडा 'टम्बलिंग टॉम' लावावा, सौम्य रुची हवी असल्यास त्याचाच पिवळा भाऊ, ही माझी शिफारस.

वरील कारणावरूनच हेही ध्यानी येईल की, उंच वाढणाऱ्या जातींची बगलफूट खुडण्याचा दस्तूर येथे लागू करणे अनिष्ट होय. खुडलेल्या प्रत्येक फुटव्याबरोबर पानेही जातात आणि पुढचे घोसही. फळांवर ऊन पडावे म्हणून पाने ओरबाडणेही तितकेच व्यर्थ, कारण फळ पिकते ते मुख्यतः उष्णतामानाने.

सर्वांत घातक समज पाण्याविषयीचा आहे. पाणी तोडले की गोडी वाढते, या म्हणण्यात शेतापुरते तथ्य आहे. किंचित ताणाने फळातील रस दाट होतो. परंतु जमिनीत मुळे खोल जाऊन ओलावा शोधू शकतात, आणि फूटभर व्यासाच्या, चहूबाजूंनी वारा खाणाऱ्या कुंडीत ती सोय नसल्याने किंचित ताणाचे रूपांतर काही तासांत दुष्काळात होते. पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचणारे कॅल्शियम मग तेथवर जात नाही आणि फळाचे बूड काळे पडते. पुढे घाबरून एकदम भरपूर पाणी घातले की उरलेल्या फळांच्या साली तडकतात. म्हणून एका कुंडीत एकच रोप, मिश्रणात पुरेसे कोकोपीट, रोज आणि कडक उन्हात दोनदा पाणी, व फळधारणा सुरू झाल्यावर नत्रापेक्षा पालाश अधिक असलेले खत, असा बंदोबस्त असावा.

इंग्लंडात ही कुंडी थंडीचे दहिवर सरल्यावर, मे महिन्याच्या अखेरीस बाहेर येते; पुण्या-मुंबईकडे ते वेळापत्रक उचलणे म्हणजे ऐन पावसात करप्याला आमंत्रण. 'लोसेटो' उशिराच्या करप्याला बऱ्यापैकी तोंड देते, तरी आपल्याकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बी टाकणेच हितावह, कारण पारा पस्तिशीकडे झुकला की परागकण निकामी होऊन फुले गळतात आणि फळांना तांबडेपणाही नीट चढत नाही.

पिकलेली फळे शीतकपाटात ठेवल्याने ताजी राहतात, हाही समज अर्धाच खरा. दिसायला ती ताजी राहतात. पण फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की, 5 अंश सेल्सिअसमध्ये आठवडाभर राहिलेल्या फळांतील सुगंधी द्रव्ये घटतात, आणि बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाहीत. तेव्हा घोस पिकेल तसा तोडावा, ओट्यावर उघडा ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा.