सोलापुरात समुद्र सांभाळायचा तर

गोल्डफिश आणि गप्पी पाळून झाले की मुलांची नजर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशांवर जाते. हल्ली आपल्या काही घरांतल्या दिवाणखान्यात पाच-सहा फुटांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. काच, लाइट आणि मासे हौसेने निवडले जातात आणि उरलेल्या पैशांत फिल्टर घेतला जातो. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. फिल्टर परवडत नसेल तर टाकी लहान घ्यावी, किंवा घेऊच नये.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले, तेव्हा समोरच समुद्र होता. आपल्याकडे आहे ते उजनीचे पाणी, तेही काही दिवसांआड येणारे. त्यातून समुद्र घरीच तयार करावा लागतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत काठ सोडून सुमारे ६०० लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एका भरणीला २१ किलो मीठ लागते. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेले मत्स्यालयाचे खास मीठ आणावे लागते, आणि ते आरओच्या पाण्यातच मिसळावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना घातक असते, तर बोअरच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे शेवाळ माजते.

पण घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. म्हणजे पहिल्या भरणीलाच बारा ते अठराशे लिटर पाणी बाजूला जाणार. वुजू करतानाही इस्राफ टाळण्याची शिकवण असलेल्या घरात हे पाणी मोरीत सोडून देणे शोभत नाही. पिंपात धरून ते फरशी आणि संडास धुण्यास वापरता येते. तेवढी पिंपे ठेवायला जागा आहे का, हे टाकी घेण्याआधी पाहावे.

आता फिल्टरकडे वळू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. खरा फिल्टर म्हणजे हे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, यंत्र त्यांना फक्त घर देते. त्यांची वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको, थोडे खाद्य कुजू द्यावे आणि पाणी तपासत राहावे. मुलांचा धीर सुटतो, पण घाई केली तर मरतो मासा.

दुकानात बहुधा कॅनिस्टर फिल्टर पुढे केला जातो. तो सुटसुटीत आणि आवाज न करणारा असतो. लहान टाकीला तो चालेल, पण त्यात अडकलेली घाण वरचेवर धुतली नाही तर तिथेच कुजून नायट्रेट वाढवते. मोठ्या टाकीला आम्ही संप सुचवू. (संप म्हणजे हरताळ नव्हे, टाकीखालची दुसरी टाकी.) वरचे पाणी त्यात उतरते, गाळले जाते आणि पंपाने परत वर चढते. हीटर आणि स्किमरही तिथेच बसवता येतात.

प्रोटीन स्किमर हे फक्त खाऱ्या पाण्याचे यंत्र. लाटा आपटल्या की किनाऱ्यावर पिवळसर फेस साचतो ना, तेच काम ते करते. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण वरच्या कपात जमते आणि कुजण्याआधीच बाहेर पडते. गोड्या पाण्यात तसा फेस धरत नाही, म्हणून जुन्या टाकीचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. खोक्यावर लिहिलेली क्षमता बहुधा मोजक्या माशांसाठी असते, त्यामुळे ६०० लिटरला त्याहून मोठ्या क्षमतेचा स्किमर घ्यावा. तरीही दर पंधरवड्याला दहा टक्के, म्हणजे ६० लिटर पाणी बदलावे लागतेच.

जिवाणूंसाठी दुकानदार प्रवाळाचा दगड देऊ करील तर घेऊ नये. भित्तिका बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे तेच काम करतात.

आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि या माशांना पाणी २४ ते २७ अंशांचे लागते, म्हणून चिलरचा खर्च आधीच धरावा. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. त्यामुळे कमी झालेले पाणी भरताना बिनमिठाचे शुद्ध पाणीच घालावे.

मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण मुलांना सांगतो. काचेत कोंडलेल्या माशाला पाणी, हवा आणि अन्न सारे आपल्याच हातून मिळते. म्हणून वीज गेल्यावर काय, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारावा. पंप थांबला की प्राणवायू घटतो आणि उपाशी जिवाणूही मरू लागतात. पंप इन्व्हर्टरवर जोडावा, शिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. मासे आणण्याआधी एकदा मुख्य बटण मुद्दाम बंद करून पाहावे. वरचे पाणी खाली उतरून संप काठोकाठ भरला आणि फरशीवर सांडला, तर संपातली पातळी कमी करून पुन्हा बटण बंद करून पाहावे.