वंशावळीत मामा आणि आत्याही हवेत

खांदा कॉलनीतल्या सिडकोच्या इमारतींमध्ये राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव दुसरेच असते. कोणी तळकोकणातून आलेले, कोणी घाटावरून, कोणी मुंबईच्या चाळीतून. गावचे घर आवरले की तिथली पत्र्याची ट्रंक फ्लॅटच्या माळ्यावर येते. तिच्यात पिवळे पडलेले सातबारे, शाळा सोडल्याचे दाखले, एखादा मोडीतला कागद आणि कोणाचे ते आता कोणालाच ठाऊक नसलेले फोटो असतात. निवृत्तीनंतर सवड मिळाली की ट्रंक खाली उतरते आणि घरात वंशावळीचा छंद शिरतो.

छंद मोठा गोड. जुन्या फेरफारात पणजोबांचे नाव सापडते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्याही मागच्या पिढ्या लागतात. कोकणातल्या कित्येक घराण्यांनी तर आपले कुलवृत्तांत छापून ठेवले आहेत. एक नाव जुळले की दिवस सार्थकी लागतो. तोवर जेवणाचे टेबल झेरॉक्सच्या गठ्ठ्यांखाली गेलेले असते आणि ‘हा पसारा कधी आवरणार?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागतो.

या पसाऱ्यात एक कागद मात्र सहसा नसतो. घरात कोणाला कोणता आजार होता, याचा. आनुवंशिक आजारांचे डॉक्टर तपासणीची सुरुवात वंशावळीनेच करतात. किमान तीन पिढ्या, पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आजारी व्यक्तीची खूण भरलेली, मृत व्यक्तीच्या खुणेवर तिरकी रेघ. नात्यात लग्न झाले असेल, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, तर दुहेरी रेघ. कारण अशा जोडप्याची सुमारे एक अष्टमांश जनुके समान असतात आणि एकच छुपा दोष दोघांकडून मुलाला मिळण्याची शक्यता वाढते.

पारंपरिक वंशावळ मुलगा, नातू, पणतू अशी उतरते. लेकी लग्नानंतर गळतात, सुनांचे माहेर तर येतच नाही. आरोग्याच्या दृष्टीने हा अर्धाच कागद. हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याच्या आजाराचे, रुग्ण बहुतेक पुरुष असतात, पण मुलाला हा दोष मिळतो तो आईकडून. त्याची चाहूल मामाच्या आजारातून लागू शकते. उलट स्तनांच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही मुलीला येऊ शकतो. वडिलांमध्ये तो असेल, तर प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता ५० टक्के. तिथे आत्याचा आजार महत्त्वाचा ठरतो. म्हणजे मामा आणि आत्या, नेमकी जुन्या कागदावर नसलेली माणसे.

नोंद साधीच हवी. आजार कोणता, तो कोणत्या वयात झाला, मृत्यू कशाने झाला. वय विशेष महत्त्वाचे. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात. नेमके निदान माहीत नसेल, तर ‘अंगावर सूज येऊन गेली’ असे ऐकले तसेच लिहावे. मात्र ही माहिती खासगी आहे. मानसिक आजार, गर्भपात यांविषयी वडीलधारी माणसे विश्वासाने सांगतात. ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. आणि वंशावळीतला आजार म्हणजे विधिलिखितही नव्हे. वेळेवर तपासणी आणि राहणीतला बदल यांमुळे बरेच काही टाळता येते.

ट्रंक उघडताना दम्याच्या रुग्णांनी मास्क लावावा, कारण जुन्या कागदांत धूळ आणि बुरशी असते. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. पण कागद आणखी वर्षभर थांबू शकतात. घरातल्या सर्वांत वयस्कर आत्या किंवा मावशीला फोन आधी करावा.