सह्याद्रीतले घाटरस्ते

आंबेनळी : पोलादपूर–महाबळेश्वर, सुमारे ४० किमी. वाटेत प्रतापगडाचा फाटा. कोकणातून थेट १,३०० मीटरच्या वर. सायकलस्वारांचा दम इथे निघतो.

वरंध : भोर–महाड. अरुंद. पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद. निघण्याआधी चौकशी करावी.

ताम्हिणी : मुळशी–माणगाव. धबधबे, धुके आणि (शनिवार-रविवारी) गर्दी.

बोरघाट : खोपोली–खंडाळा. गाडीरस्ता १८३०, रेल्वे १८६३.

वाट कोणाची? अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाची.

उतरताना : गाडी चढताना लागतो तोच गिअर ठेवावा, न्यूट्रल नको. सायकलचा ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, ट्यूबही फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे.