समुद्रकाठची एक दिवसाची पायपीट : आधी तिथी, मग शिदोरी

नाताळ झाला आणि कापसाची वेचणी आटोपली की समुद्र पाहायला जायचे, असा आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळींचा बेत चालला आहे. बेत उत्तम आहे. वांकिडीहून समुद्र फार लांब. आपल्यातील पुष्कळांनी तो चित्रातच पाहिलेला. पण म्हणूनच निघण्यापूर्वी चार गोष्टी सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मेले. दिवस पावसाळ्याचे नव्हते. आनंदाने घरून निघालेली मुले होती ती. आपली मुले वर्धा-प्राणहितेच्या पाण्यात पोहायला शिकलेली. त्यांना पाण्याची भीती नाही. आम्हांला काळजी वाटते ती त्याचीच. नदीचे पाणी एका दिशेने वाहते आणि वर पाऊस झाला तरच चढते. समुद्र मात्र रोज दोन वेळा चढतो आणि दोन वेळा उतरतो, आकाश निरभ्र असले तरी. म्हणून समुद्रकाठी चालायचे तर दिवसाचा बेत आपल्या सोयीने न आखता भरती-ओहोटीच्या वेळेवरून आखावा लागतो.

ही वेळ काढणे शेतकऱ्याला जड नाही, कारण तिथी त्याला ठाऊक असते. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जितके येतील तितक्या वाजता मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर साधारणपणे पूर्ण भरती असते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दुसऱ्या दिवशी हीच वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. नेमक्या वेळा आता मोबाईलवरही मिळतात. त्या पाहाव्यात आणि गावच्या कोळी बांधवांना विचारून खात्री करावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते व उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार सर्वांत कमी. त्याला कोळी लोक भांग म्हणतात. तेव्हा चालण्यासाठी सप्तमी, अष्टमी किंवा नवमी निवडावी. अष्टमीला सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. सातला निघालात तर सारी सकाळ पाणी तुमच्यापासून मागे सरत राहील. पौर्णिमेला उलटे होईल : ऐन चालण्याच्या वेळी पाणी चढत येईल आणि दुपारी बाराच्या सुमारास उधाण भरेल. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहणाऱ्यांची फजिती होते ती इथेच. ओहोटीत ओल्या वाळूवरून किल्ल्यात चालत जाता येते. वेळेचे भान सुटले की परतीच्या वाटेवर पाणी असते.

वाट म्हणून आम्ही रेवदंडा ते कोर्लई सुचवतो. बल्लारशाहहून रेल्वेने मुंबई, तेथून अलिबागमार्गे रेवदंडा. आदल्या रात्री तेथेच मुक्काम करावा. रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या जुन्या चौलचा तट आणि पडकी चर्चे आहेत. सकाळी तटाबाहेरच्या वाळूवरून फिरून घ्यावे, मग कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लई गाठावे. गावापुढे समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या डोंगरावर किल्ला आहे, पायथ्याशी दीपगृह. सारी चाल दहा किलोमीटरच्या आसपास. चढ थोडाच, पण उन्हाचा. दुपारी अलिबाग-मुरूड रस्त्यावर एस.टी. धरून परतावे. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली स्वतःची बोली बोलतात. त्यांच्या चर्चमध्ये गुडघे टेकून मगच पुढे जावे. रेवदंडा-चौलच्या नारळ-सुपारीच्या वाड्याही आपल्या शेतकऱ्याने डोळे भरून पाहाव्यात; तेवढ्याशा जमिनीत किती तऱ्हेची झाडे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत ते दिसेल.

आता प्रकृतीविषयी. समुद्राचा वारा गार लागतो, त्यामुळे घाम किती गेला ते कळत नाही. माणशी तीन लिटर पाणी असावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून एक बाटली वेगळी ठेवावी. कोणाला थकवा, गरगर किंवा पेटके आले तर सावलीत बसवून ती द्यावी. समुद्राचे पाणी पिऊ नये, त्याने शरीरातले पाणी उलट कमी होते. कोरड्या वाळूत पाय रुततात. ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे. शेवाळलेल्या काळ्या खडकावर चढू नये.

पाण्यात गुडघ्याच्या वर कोणीही उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. लाटा किनाऱ्याकडे येताना दिसतात, पण तेच पाणी कुठेतरी वाट काढून वेगाने आत परतते आणि माणसाला ओढून नेते. चुकून सापडलात तर त्या ओढीविरुद्ध झुंजू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाका माराव्यात, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर यावे. वाचवायला मागोमाग उडी घेऊ नये. विहिरीत पडलेल्याला आपण दोर टाकतो, तसाच येथे दोर किंवा रिकामा बुच घट्ट लावलेला डबा फेकावा. म्हणून पंधरा-वीस हात दोर बरोबर असावाच.

प्रत्येक दहा जणांमागे एक जबाबदार माणूस नेमावा आणि निघताना, पुलावर, किल्ल्यावर व परतताना डोकी मोजावीत. पोरांनो, मोजदादीला हसू नका. पेत्र जन्माचा कोळी, तरी पाण्यात बुडू लागला. आणि बुडू लागताच हाक मारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. दिनदर्शिका काढा, अष्टमीचा दिवस शोधा आणि रविवारी मिस्सेनंतर आम्हांला दाखवा. मग शिदोरीचे पाहू.