पाहिले काय आणि ठरवले काय?

परिचर्या शिकणारे विद्यार्थी वर्गात एकत्र असतात. पण रुग्णालयातील प्रात्यक्षिकाच्या काळात ते निरनिराळ्या वॉर्डांत आणि पाळ्यांत विखुरतात. म्हणून काही ठिकाणी त्यांना संगणकावर किंवा फोनवर लिहून आपसात चर्चा करायला सांगतात. सगळेच शिकाऊ असताना यातून काय साधणार? आंधळ्याने आंधळ्याचा हात धरण्यासारखेच हे नव्हे काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेनंतर वेदना थांबाव्यात म्हणून एका प्रौढ रुग्णाला मॉर्फिन दिले होते. 'रुग्णाला शांत झोप लागली होती,' असे एक विद्यार्थिनी चर्चेत लिहिते. दुसरी विचारते, 'श्वास मोजले होतेस का?' उत्तर येते, 'सिस्टरांनी मोजले, मिनिटाला ८.' विश्रांती घेणाऱ्या प्रौढाचे श्वास साधारणतः मिनिटाला १२ ते २० असतात. मॉर्फिनमुळे मेंदूतील श्वसनकेंद्राचे काम मंदावते. म्हणजे 'डोळे मिटलेले' हे निरीक्षण होते. 'शांत झोप' हा निष्कर्ष होता, आणि तो जिवावर बेतू शकला असता.

हा फरक एकट्याच्या सहसा लक्षात येत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील प्राणिशास्त्रज्ञ जेन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना हातांची क्ष-किरण चित्रे दाखवून गटात चर्चा करायला लावली. एकाच चित्रात प्रत्येकाला वेगळे दिसते, हे तेथे उघड झाले. अशा चर्चांत भाग घेतलेले विद्यार्थी निरीक्षण आणि निष्कर्ष यांची गल्लत कमी करू लागले, असे त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात नोंदवले.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गात केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्याने विचार करून सरासरी ५२ टक्के विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिले. शेजाऱ्यांशी चर्चेनंतर ६८ टक्क्यांनी. मग, आधीचे उत्तर न सांगताच, त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. तेव्हा प्रमाण ७३ टक्के झाले. केवळ हुशार सोबत्याचे उत्तर उचलले असते, तर नवा प्रश्न सुटला नसता. आपले म्हणणे दुसऱ्याला पटवताना त्यातील कच्चे दुवे आपल्यालाच दिसतात.

या दोन्ही चर्चा समोरासमोरच्या होत्या. लेखी चर्चेत बुजरा विद्यार्थीही बोलतो, विचाराला वेळ मिळतो. पण चुकीची माहितीही झपाट्याने पसरते. म्हणून शिक्षकांचे लक्ष हवेच. रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक, छायाचित्र यांना तेथे थारा नसावा. आणि श्वास ८ वर आलेला दिसला, तर आधी सिस्टरांना हाक, चर्चा नंतर.

शाळेतही हे करून पाहता येईल. बर्फाचे पाणी भरलेला पेला टेबलावर ठेवा. 'पेल्यातून पाणी झिरपले' असे कोणीतरी म्हणेलच. मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगा: काय पाहिले, काय ठरवले. मग वह्या आपसात बदलू द्या.